धूर की थंडी? आनंदीबाईंची फिलाडेल्फियातली खोली आणि आपली किरायाची रूम

मी बोरी अरबहून बोलतेय. तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये आहेत किंवा इयरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी नेहमीसारखं आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जे 'अं', 'म्हणजे' आले ते काढलेत, बाकी भाषा तशीच ठेवलीय.

आजचा विषय थंडीचा. पण स्वेटर कुठून घ्यायचं त्याचा नाही. घर आपलं नसेल, खोली किरायाची असेल किंवा दुसऱ्या कुणी राहायला दिलेली असेल, तर त्या खोलीला हिवाळ्यासाठी तयार कोण करणार? मालक की राहणारा? प्रश्न साधा वाटतो. पण एका मराठी मुलीच्या आयुष्यात तो किती मोठा होऊन बसला होता, ते आज सांगायचंय.

आपल्याकडची थंडी

आधी आपलं माप घेऊ. अडाण नदीच्या काठच्या आमच्या गावात दिवाळीनंतर हिव जाणवायला लागतं. पारा दहाच्या खाली गेला की पेपरात बातमी येते. त्यावर आपले उपाय ठरलेले. जुन्या लुगड्यांची वाकळ उन्हात टाकायची. गादीतली रुई बसली असेल तर पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायची. संध्याकाळी अंगणात गेल्या हंगामातल्या पऱ्हाट्या-तुराट्या पेटवून शेकोटी करायची.

यातलं एक नीट लक्षात घ्या, पुढे कामी येणार आहे. वाकळ स्वतः गरम नसते. तिच्या थरांमध्ये हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. रुई पिंजतात ती याचसाठी. पिंजलेल्या रुईत हवा जास्त मावते. आणि शेकोटी आपण अंगणात पेटवतो, खोलीत नाही. धूर आभाळात जातो. म्हणजे आपल्या थंडीच्या दोन सोयी आहेत: अंगावर हवेचे थर आणि घराबाहेर आग.

आता कल्पना करा, याच सवयी घेऊन कुणी अशा गावी गेलं, जिथे महिनोन्महिने रात्री पाणी गोठतं आणि आग घराच्या आत पेटवावी लागते.

अठरा वर्षांची विद्यार्थिनी

डॉ. आनंदीबाई जोशी यांचं नाव तुम्ही शाळेत ऐकलंय. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' कादंबरी १९६८ ची, त्याच नावाचा सिनेमा २०१९ मध्ये आला, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यामुळे मोठी गोष्ट थोडक्यात सांगते.

जन्म ३१ मार्च १८६५. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न. गोपाळराव पोस्टात नोकरीला होते आणि बायकोनं शिकलंच पाहिजे या हट्टाचे होते. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. वेळेवर उपचार मिळाले नाहीत, हे दुःख त्यांच्या डॉक्टर होण्यामागे होतं. गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिथल्या नियतकालिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या, तिथे त्यांनी ते वाचलं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं आणि दोघींचं मावशी-भाचीसारखं नातं जुळलं.

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. नवरा सोबत नव्हता. उन्हाळा रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी गेला. मग शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या 'वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया'त प्रवेश मिळाला. बायकांना डॉक्टरकी शिकवण्यासाठी १८५० मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना मनापासून सामावून घेतलं.

आता नकाशा उघडा. बोरी अरब साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. फिलाडेल्फिया ४० वर. बरोब्बर दुप्पट. तिथे जानेवारीत रात्रीचं सरासरी किमान तापमान शून्याच्या खाली असतं. आपल्याकडची कडाक्याची रात्र म्हणजे तिथली बऱ्यापैकी ऊबदार रात्र.

ती खोली

आणि इथे आपला आजचा विषय येतो. आनंदीबाईंच्या चरित्रपर लेखनात एक छोटा तपशील सापडतो. लोक तो वाचून पुढे जातात, मी मात्र तिथे थांबले. कॉलेजनं त्यांना राहायला जी खोली दिली, तिच्यातल्या फायरप्लेसची व्यवस्था नीट नव्हती. जाळ केला की खोलीभर धूर व्हायचा. जाळ नाही केला तर थंडी. दोनच पर्याय: धूर सोसा, नाहीतर गारठा सोसा.

विचार करा. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. शाकाहारी. अभ्यास इंग्रजीत. दिवसभर लेक्चर आणि प्रॅक्टिकल. रात्री खोलीवर येऊन वाचायचं, तर एक तर डोळ्यांतून पाणी आणि छातीत खोकला, किंवा बोटं आखडलेली. अशा खोलीत हिवाळा काढायचा होता.

कपड्यांचा प्रश्नही होताच. घरून निघताना त्यांनी सांगून ठेवलं होतं की आपण आपला पेहराव आणि आहार सोडणार नाही. पण नऊवारी लुगड्यात पोटऱ्या-घोटे उघडे राहतात. अमेरिकेत त्यांनी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. १० ऑक्टोबर १८८५ चा तो प्रसिद्ध फोटो आठवा: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली, तिघी शेजारी शेजारी बसलेल्या. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. म्हणजे जे स्वतःच्या हातात होतं ते आनंदीबाईंनी बदललं. साडी बदलता येते. दुसऱ्याच्या भिंतीतलं धुराडं बदलता येत नाही.

धूर आत का येतो?

आता थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय ही गोष्ट नुसती हळहळ वाटेल.

फायरप्लेस म्हणजे भिंतीतली चूल आणि तिच्या वर छतापर्यंत गेलेलं धुराडं. गरम हवा हलकी असते, ती वर जाते, जाताना धूर घेऊन जाते. पण वर गेलेल्या हवेची जागा भरायला खोलीत बाहेरून तेवढीच हवा यावी लागते. ती दाराखिडक्यांच्या फटींतून येते. थंडी लागते म्हणून तुम्ही सगळ्या फटी बुजवल्या, तर धुराड्याला ओढायला हवाच उरत नाही. मग धूर उलटा खोलीत येतो. काजळीनं धुराडं तुंबलं, ते आखूड असलं, चुलीचं तोंड फार मोठं असलं, तरी तेच होतं.

मला ज्या गोष्टीनं चक्रावून सोडलं ती आता सांगते. हे सगळं फिलाडेल्फियाला माहीत होतं! आनंदीबाई तिथे पोचायच्या जवळपास शंभर वर्षं आधीपासून माहीत होतं. बेंजामिन फ्रँकलिन याच शहराचा. विजेचा आणि पतंगाचा प्रयोग म्हणून आपण त्याला ओळखतो, पण घर गरम ठेवणं हा त्याचा आयुष्यभराचा विषय होता. १७४० च्या दशकात त्यानं कमी लाकडात जास्त ऊब देणारी लोखंडी शेगडी तयार केली. आणि १७८५ मध्ये, म्हातारपणी युरोपहून बोटीनं परत येताना, त्यानं एक लांबलचक पत्र लिहिलं. विषय: धूर सोडणारी धुराडी, त्याची कारणं आणि उपाय. त्यात नऊ कारणं दिलीत. पहिलंच कारण कोणतं? खोलीत पुरेशी हवा न येणं. पुढची कारणं: तोंड मोठं, धुराडं आखूड, शेजारची इमारत उंच, दाराची जागा चुकीची. हे पत्र पुढच्या वर्षी फिलाडेल्फियातच छापून निघालं. १७९६ मध्ये काउंट रम्फर्डनं चुलीचा गळा अरुंद करून धूर नीट वर नेणारी रचनाही मांडली.

म्हणजे रोग कळला होता, औषध छापलेलं होतं, तेही त्याच गावात. मग १८८३ मध्ये एका विद्यार्थिनीच्या खोलीत धूर का? कारण माहिती असणं आणि ती तुमच्या खोलीपर्यंत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धुराडं दुरुस्त करायला गवंडी लागतो, पैसा लागतो, आणि मुख्य म्हणजे ते ज्याचं आहे त्याला ते दुरुस्त करावंसं वाटावं लागतं. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. त्यात तुम्ही परदेशी असाल, उपकाराच्या भावनेत असाल, तर तक्रार करायलाही जीभ रेटत नाही. घरापासून दूर रूम करून राहिलेल्या प्रत्येकाला हे कळेल.

पुढे काय झालं

११ मार्च १८८६ ला आनंदीबाई एम.डी. झाल्या. त्यांचा प्रबंध होता हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. पण तोवर तब्येत पार खालावली होती. खोकल्यानं पाठ सोडली नव्हती. क्षयरोग झाला होता. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या वॉर्डाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. १८८६ च्या अखेरीस त्या परत आल्या, पण काम सुरू करता आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वय २१. डिग्री मिळून वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथल्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आजही त्यांच्या नावाचा दगड आहे.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे वेगळी करायचीय. 'थंडीनं आनंदीबाईंचा जीव घेतला' असं वाक्य फॉरवर्ड करायला सोपं आहे, पण ते बरोबर नाही. क्षय थंडीनं होत नाही, जंतूनं होतो. तो जंतू रॉबर्ट कॉखनं मार्च १८८२ मध्ये जगाला दाखवला होता, म्हणजे आनंदीबाई निघायच्या वर्षभर आधी. पण त्यावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४३ उजाडलं. त्यामुळे खोली चांगली असती तर त्या वाचल्याच असत्या, असं कुणीही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

मात्र कोंडलेला धूर फुफ्फुसं कमजोर करतो, हे आज पक्कं माहीत आहे. आपल्या आया-आज्यांनी चुलीपुढे आयुष्य काढलं, त्यांच्या खोकल्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली ती याच धुराच्या नावानं. आनंदीबाईंची खोली आणि आपल्या गावातलं बिनखिडकीचं सैपाकघर यांच्यात अंतर बारा-तेरा हजार किलोमीटरचं असेल, पण धूर तोच.

मग मालकाचं काम काय?

इतिहासाचा पुढचा भाग मला जास्त आवडतो, कारण तो बदलाचा आहे. आनंदीबाईंच्या काळात इंग्रजी वळणाच्या कायद्यात साधा नियम होता: खोली घेतली ना, मग जशी आहे तशी तुमची. गार आहे, गळते आहे, धूर होतो? तुम्ही बघून घ्यायचं होतं.

हे हळूहळू बदललं. १९७९ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टात, म्हणजे आनंदीबाईंच्याच राज्यात, 'प्यू विरुद्ध होम्स' हा खटला निकाली निघाला. एका बाईनं किराया थांबवला होता, कारण घराचं छत गळत होतं आणि गरम पाणी नव्हतं. कोर्टानं म्हटलं की राहायला दिलेलं घर राहण्यालायक असलं पाहिजे, हे वचन प्रत्येक भाडेकरारात न लिहिताही धरलेलंच आहे. न्यूयॉर्क शहरात तर आज नियम आकड्यात आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, दिवसा बाहेरचं तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसच्या खाली गेलं, तर घरमालकानं आत किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस ठेवलंच पाहिजे. शिकायला तिकडे गेलेली आपली पोरं तक्रारीचा फोन लावू शकतात. आनंदीबाईंना तो फोन नव्हता.

आणि आपल्याकडे? मुंबई-पुण्याला १९४७ चा भाडे कायदा होता. आपलं वऱ्हाड तेव्हा 'मध्यप्रांत आणि वऱ्हाड'मध्ये. त्यामुळे आपल्याकडे १९४९ चा वेगळा रेंट कंट्रोल ऑर्डर चालायचा. ३१ मार्च २००० पासून ही सगळी तुकडे-तुकडे व्यवस्था जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू झाला. त्यातलं कलम १४ पाठ करून ठेवा. हा कायदा ज्या शहरांना लागू आहे, तिथे घर चांगल्या, राहण्यालायक स्थितीत ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. तुम्ही लेखी नोटीस दिली आणि पंधरा दिवसांत त्यानं दुरुस्ती केली नाही, तर तुम्ही स्वतः करून तो खर्च किरायातून कापू शकता. मर्यादा एवढीच की वर्षभराच्या किरायाच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही.

आणखी एक. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर तुम्हाला काढता येतं. पण कायद्यानंच सांगितलंय की महापालिकेची लागेल तिथे परवानगी घेऊन केलेलं लाकडी पार्टिशन, हवेसाठी पाडलेली खिडकी, धूर बाहेर काढायचं धुराडं, हे पक्कं बांधकाम धरायचं नाही. हो, धुराडं! कलम १६ मध्ये तो शब्द आहे. मी वाचला तेव्हा मला फिलाडेल्फियाचीच खोली आठवली.

रूमवर राहणाऱ्यांसाठी

आपले कितीतरी ऐकणारे यवतमाळ, नागपूर, पुण्याला रूम करून आहेत, काही जण परीक्षेच्या तयारीला दिल्लीत. दिल्लीची जानेवारी म्हणजे गंमत नाही. इतिहासातून हाती लागलेल्या चार गोष्टी सांगते.

एक. रूम ऑक्टोबरमध्येच बघून घ्या. खिडकीची काच, दाराखालची फट, भिंतीची ओल. फोटो काढा आणि मालकाला लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर कळवून झालं असेल तरी एक कागद द्या. काका ओळखीचे आहेत, कसं बोलायचं, असं वाटतंच. 'काका, थंडीआधी एवढं करून द्या ना' असं म्हणून कागद पुढे करता येतो.

दोन. आधी अडवा, मग तापवा. दाराखाली जुन्या कापडाची गुंडाळी, खिडकीला जाड पडदा, थंड फरशीवर सतरंजी. वाकळीचं तेच तत्त्व: हवा अडकवा. हे सगळं रूम सोडताना सोबत नेता येतं आणि मालकाची भिंतही खराब होत नाही. हीटर २००० वॉटचा असेल तर तासाला दोन युनिट खातो, आणि तो एक्स्टेन्शन बोर्डावर लावायचा नसतो.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. फटी बुजवलेल्या खोलीत शेगडी, कोळसा, घमेल्यातले निखारे कधीही ठेवू नका. जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस उठतच नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. आनंदीबाईंच्या खोलीत निदान धूर दिसत होता, डोळे चुरचुरत होते, म्हणून कळत तरी होतं. निखाऱ्याचा धूर दिसत नाही म्हणून तो जास्त घातक.

चार. बंद बाथरूममधला गॅस गीझर हीच गोष्ट आहे, फक्त चकचकीत डब्यातली. तो बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवलेला असावा. आत असेल तर मालकाला आजच सांगा. ही दुरुस्ती 'पुढच्या महिन्यात बघू'वाली नाही.

जाता जाता

आनंदीबाईंबद्दल आपण नेहमी धैर्य, जिद्द, पहिल्या महिला डॉक्टर असं बोलतो. ते खरंच आहे. पण मला वाटतं, सोसण्याचं कौतुक करताना आपण एक प्रश्न विचारायला विसरतो: हे सोसायला लागायलाच हवं होतं का? अभ्यास कठीण होता, तो त्यांनी स्वतः निवडला होता. समुद्रप्रवास त्यांनी निवडला होता. तुंबलेलं धुराडं त्यांनी निवडलं नव्हतं. एका गवंड्याचं काही दिवसांचं काम होतं ते.

आज गावातली पोर शहरात शिकायला निघते, तेव्हा घरचे फी विचारतात, मेस विचारतात, रूम किती लांब आहे ते विचारतात. त्यात एक प्रश्न वाढवा: खोलीत हवा येते का, आणि थंडी-पावसाला ती कशी आहे? बहिणीला, भावाला रूम बघायला सोबत जाल तेव्हा खिडकी उघडून-लावून बघा. दोन मिनिटं लागतात.

तुमच्या रूमचा हिवाळा कसा जातो, मालकानं काय करून दिलं आणि काय नाही, ते व्हॉइस नोट करून पाठवा. नावं घेऊ नका, गोष्ट सांगा. निवडक गोष्टी पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवीन. तोवर वाकळी उन्हात टाका. भेटू!